न सुटलेल्या गोळीचा धक्का

एकदा एक शिष्य एका वस्तादांकडे आला, अशी या प्रकारच्या कथांची सुरुवात होते, आणि पुढे शिष्य नम्रपणे प्रश्न विचारतो. या कथेतला शिष्य नम्र नव्हता आणि प्रश्नही विचारत नव्हता. तो दर रविवारी येऊन तक्रार करायचा. त्या तक्रारींनी वस्ताद इतके कावले होते की रविवार उजाडला की त्यांचं डोकं आपोआप दुखू लागे.

वस्ताद म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार. कृष्णाकाठच्या एका गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी नेमबाजीची एक रेंज आहे, तिथे ते शिकवत. शिष्याचं नाव यशोधन. वय चाळिशीकडे झुकलेलं, गावात फरशी आणि संगमरवराचं मोठं दुकान. त्याच्याकडे एक पिस्तूल होतं, ते मुळात त्याचे वडील आप्पा यांचं. वय झालं, आता आपल्याच्याने होत नाही, असं वाटल्यावर आप्पांनी रीतसर कागदपत्रं करून ते मुलाच्या परवान्यावर चढवलं होतं.

पिस्तूल परदेशी आणि संपूर्ण पोलादी होतं. आजकालची पिस्तुलं अर्धी प्लॅस्टिकची असतात, हातात घेतली तर टीव्हीचा रिमोट घेतल्यासारखं वाटतं. हे तसं नव्हतं. थोडा वेळ हात लांब करून धरलं की खांदा भरून येई. एक गोळी सुटली की त्याच धक्क्याने वरची स्लाइड मागे जायची, रिकामी पुंगळी बाहेर फेकायची आणि पुढची गोळी आत घ्यायची. चाप मात्र दर वेळी आपणच ओढायचा. बनवणाऱ्या कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलं होतं. सुटा भाग हवा असेल तर दुसरं एखादं मोडकं पिस्तूल शोधत हिंडावं लागे.

यशोधनच्या गोळ्या निशाणाच्या खाली आणि डावीकडे जात. यात गूढ असं काही नाही. उजव्या हाताने मारणाऱ्या बहुतेक नवख्यांच्या तिथेच जातात, आणि का जातात हे वस्तादांनी त्याला अगदी सुरुवातीलाच सांगितलं होतं. पण यशोधनच्या मते दोष पिस्तुलाचा होता. आधी तो म्हणाला, वजन फार आहे. मग म्हणाला, आतली स्प्रिंग म्हातारी झाली. निवडणुकीच्या आचारसंहितेत ते पोलीस ठाण्यात जमा करावं लागलं, आणि परत मिळालं तेव्हा पोलादावर गंजाचा एक बारीक ठिपका दिसला. मग पुढचे कित्येक रविवार सगळं खापर त्या ठिपक्यावर.

दसऱ्यानंतर तर कमाल झाली. पिस्तूल अडकलं. वस्तादांनी ते खोलून पाहिलं तर आत हळद, कुंकू आणि अक्षतांचे दाणे. खंडेनवमीला घरातल्या शस्त्रांची पूजा करायची पद्धत आहे, ती यशोधनने मनोभावे पाळली होती. फक्त पूजेला मांडताना स्लाइड मागे ओढून ठेवली होती, देवाला आतलंही नीट दिसावं म्हणून की काय कोण जाणे.

“अरे, पूजा करताना ते बंद तरी ठेवायचं,” वस्ताद म्हणाले. “तेलात कुंकू गेलं की लगदा होतोय त्याचा.”

“बघा. म्हणूनच गोळी खाली जातेय.”

“कुंकवानं पिस्तूल अडतं. गोळी खाली नाही जात.”

“पण काहीतरी असेलच ना त्याच्यात, वस्ताद.”

वस्तादांनी कपाळाला हात लावला. मला त्यांची पूर्ण सहानुभूती आहे. अशा माणसांचा मलाही फार वैताग येतो. चूक आपली असू शकेल, एवढी एक शक्यता सोडून बाकी सगळ्या शक्यता त्यांना सुचतात. ते चष्मा बदलतील, डॉक्टर बदलतील, दुकानाचं दार फोडून पूर्वेला करतील, आणि एवढं करून पुन्हा तुमच्यासमोर येऊन बसतील.

पुढे यशोधन एक कानस घेऊन आला. नळीच्या टोकावर नेम धरण्यासाठी एक लहानसा उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. माशी घासून थोडी कमी केली की गोळी वर लागते, असं त्याने कुठेतरी पाहिलं होतं. ते खरंही आहे, आणि म्हणूनच वस्ताद जास्त भडकले.

“ही माशी पुन्हा मिळायची नाही,” ते म्हणाले. “तुझ्या एका खोडीपायी चांगलं पोलाद कापायचं होय रे?” आणि त्यांनी कानस त्याच्या हातातून काढून घेतली.

आता आप्पांविषयी सांगायला हवं. आप्पा रोज संध्याकाळी दुकानात येऊन गल्ल्याशेजारच्या खुर्चीत बसत. बापलेकांत भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. आप्पांनी “यशा...” म्हणून सुरुवात केली की यशोधनचं उत्तर तयार असे. “हो, माहितेय.” “करतो.” “सांगितलंय त्यांना.” एके काळी आप्पा फार बोलत, उशिरा उठण्यावरून, उधारीवर माल देण्यावरून, आणि तेही गिऱ्हाइकांसमोर. त्या बोलण्याने यशोधन होरपळला होता हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण आप्पा आता म्हातारे झाले होते, निवले होते. मुलाच्या कानांना मात्र ती बातमी अजून पोहोचली नव्हती.

एका रविवारी यशोधन रेंजवर आला तोच जाहीर करत. “वस्ताद, पिस्तुलाला गिऱ्हाईक मिळालंय. विकायची परवानगीपण आली. बुधवारी देऊन टाकतो आणि नवीन घेतो, हलकं.”

“आप्पांना सांगितलंस?”

“नाही.”

“का?”

“ते काय म्हणणार ते मला तोंडपाठ आहे. कशाला ऐकायचं उगाच?”

वस्तादांच्या तोंडापर्यंत बरंच काही आलं होतं. याच पिस्तुलावर त्यांनी एके काळी आप्पांना शिकवलं होतं. ते एकदा दुसऱ्याच्या परवान्यावर चढलं की परत यायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आणि गावात अशी गोष्ट लपत नाही. आप्पांना ती बाहेरच्या कुणाकडून कळली असती, तर बापलेकांत जे थोडंफार शिल्लक होतं तेही संपलं असतं. पण या माणसाला सांगून काही उपयोग नाही, हेही ते आता जाणून होते.

“बरं,” ते म्हणाले. “मग आज शेवटचं मारून घे. मॅगझिन मी भरतो.”

यशोधनला नवल वाटलं. स्वतःचं मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी, स्वतः भरायचं, हा वस्तादांचाच नियम होता आणि तो मोडलेला कुणी पाहिला नव्हता. वस्तादांनी त्याच्याकडे पाठ केली, सावकाश मॅगझिन भरलं आणि त्याच्या हातात दिलं.

पहिली गोळी सुटली, खाली आणि डावीकडे. दुसरीही तिथेच. तिसऱ्या वेळी त्याने चाप ओढला आणि नुसता “खट्” आवाज झाला. गोळी सुटली नाही, पण पिस्तुलाचं नाक मात्र एकदम जमिनीकडे झुकलं.

“झालं!” यशोधन उसळला. “हे असं आहे बघा. ऐन वेळी दगा. जुन्या मालाचा भरवसा नाही म्हणतात ते काय खोटं? कंपनीनं बंद केलं ते काय उगाच केलं असेल? यापायी माझं वर्ष वाया गेलं, आणि तुम्ही मलाच बोलता.”

वस्तादांनी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, “स्लाइड ओढ.”

त्याने नळी निशाणाकडेच ठेवून स्लाइड ओढली. आतलं काडतूस बाहेर पडलं. वस्तादांनी ते उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं. दिसायला खऱ्यासारखंच होतं, पण आत बार भरलेला नव्हता.

“हे खोटं आहे. मी घातलंय. पिस्तुलाचा काही दोष नाही.”

“मग हा काय प्रकार?”

“प्रकार मी विचारतोय तुला. गोळी सुटली नाही. धक्का आला नाही. मग नाक खाली कुणी घातलं?”

यशोधनने पिस्तुलाकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडे.

“अजून आहेत आत,” वस्ताद म्हणाले. “कितवं खोटं ते सांगायचो नाही. मार.”

आत खोटी काडतुसं आहेत, हे आता त्याला ठाऊक होतं. त्याने श्वास रोखला, हात घट्ट केला, ठरवून ठरवून चाप ओढला. पुन्हा “खट्”, आणि पुन्हा हात खाली. ठाऊक असूनही हात थांबला नाही, याचीच त्याला लाज वाटली. तो पिस्तूल टेबलावर ठेवून उभा राहिला. वर्षभरात प्रथमच त्याला तक्रार सुचत नव्हती.

“ऐक आता,” वस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज अजून चिडलेलाच होता. “धक्का येतो तो चाप ओढून झाल्यावर. तू तो आधीच गृहीत धरतोस, आणि अंगावर यायच्या आत त्याला दाबायला जातोस. त्या दाबण्यानं नळी खाली जाते, आणि तेवढ्यात खरी गोळी निघते. ती कुठं जाणार? तू जिकडं दाबलंस तिकडं. पिस्तूल तुला अजून काही बोललेलंच नसतं रे, आणि तुझं उत्तर देऊन झालेलं असतं. आणि जड जड म्हणून ज्याला नावं ठेवतोस, त्या वजनामुळंच बराचसा धक्का ते स्वतः पचवतं. तुझ्या वाट्याला उरलासुरला येतो. हलकं घेशील तर जास्तच येईल. चाप सावकाश ओढायचा, आणि जे यायचंय ते येऊ द्यायचं. आल्यावर बघता येतं.”

मग ते म्हणाले, “विकायचं तर विक. बुधवारपर्यंत तुझंच आहे. आता जा, माझं डोकं चढलंय.”

संध्याकाळी यशोधन दुकानात गेला. आप्पा नेहमीच्या खुर्चीत बसले होते. वस्तादांनी सांगितलं म्हणून नव्हे, पण का कोण जाणे, न सांगता विकणं त्याच्या जिवावर आलं होतं. तो समोर उभा राहिला आणि म्हणाला, “आप्पा, ते पिस्तूल मी विकायला काढलंय.”

आप्पांनी चष्मा काढला. “यशा...”

यशोधनची मान ताठ झाली. सगळी उत्तरं एकदम वर आली. आता परवाना माझा आहे. पिस्तुलाचा एक सुटा भाग मिळत नाही बाजारात. तुम्ही सगळं तुमच्याच मनासारखं केलंत, मला एक तरी गोष्ट करू द्या. शेवटचं वाक्य तर ओठांपर्यंत आलं होतं. आणि आपला जबडा हलू लागलाय हे त्याला कळलं, आप्पा अजून काही बोललेले नसताना. त्याने दात घट्ट मिटले आणि नुसता उभा राहिला.

आप्पा गोंधळले. वाक्य पुरं करायची त्यांना सवयच राहिली नव्हती. ते काही क्षण त्याच्याकडे पाहत राहिले, तो मधे कधी बोलेल याची वाट पाहत.

“विक की,” शेवटी ते म्हणाले. “तुला नको असेल तर नुसतं माझ्यासाठी म्हणून ठेवू नकोस.” चष्म्याची काडी त्यांनी उघडली, मिटली. “फक्त द्यायच्या आधी एकदा मला रेंजवर नेशील का? मला मारायचं नाही. बसेन नुसता तिथं. दिवाळीपासून विचारीन म्हणतोय तुला.”

इतक्या वर्षांत जमवलेल्या उत्तरांपैकी एकही या प्रश्नाला लागू पडत नव्हतं. त्याला लागलं ते आप्पांचं “दिवाळीपासून”. कारण आप्पांनी विचारायला सुरुवात केली असणार, एकदा नव्हे, अनेकदा केली असणार, आणि दर वेळी “यशा, ते रेंजवर...” इथपर्यंत आल्यावर त्याने म्हटलं असणार, हो, माहितेय, दुकान बंद करूनच जातो. बाप त्याच्यासोबत येऊ पाहत होता, आणि त्याने ते बोलणं आपल्यावरचा ठपका समजून परतवून लावलं होतं. तो गल्ल्यामागच्या स्टुलावर बसला. त्याला रडू आलं आणि ते त्याने लपवलं नाही. आप्पांना काही कळेना. त्यांनी त्याला पाणी आणून दिलं.

बुधवारी गिऱ्हाईक आलं, आणि चहा पिऊन रिकाम्या हाताने परत गेलं.

पुढच्या रविवारी आप्पा रेंजवर वस्तादांच्या शेजारी बाकावर बसले आणि सकाळभर बोलत राहिले, ते पिस्तूल कसं आणलं, कुणी नको म्हटलं होतं, यशाची आई त्याला कशी हात लावू देत नसे. यशोधन मधे मधे थांबून ऐकत होता. यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याच्या बऱ्याच गोळ्या अजून खाली आणि डावीकडेच जात होत्या. वस्ताद प्रत्येकीला “दाबतोयस” असं ओरडत होते, आणि तो “हो” म्हणून पुन्हा नेम धरत होता.

घरातलं माणूस बोलू लागलं, तर त्याचं वाक्य पुरं होऊ द्यावं. चिडायचंच असेल तर नंतरही चिडता येतं.