कॉम्प्युटरातली कोंबडी

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. त्या गावात सयाजीतात्या नावाचे एक खटपटे गृहस्थ राहत. शाळेने मोडीत काढलेला एक जुना कॉम्प्युटर त्यांनी टेबलासकट घरी आणला. बायको अनसाबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "घरात अडगळ काय कमी होती, म्हणून ही आणलीत?"

पण तात्या ऐकतात होय! त्यांनी कॉम्प्युटरचा पंखा काढून बॅटरीवर चुलीपाशी लावला. फुंकणी सुटली, अनसाबाईचे डोळे चुरचुरायचे थांबले आणि तोंडही. मग तात्यांनी मोठ्या पोटाचा मॉनिटर घेतला. काचेसकट आतले सगळे काढले, गवत अंथरले आणि पडवीत त्याच टेबलावर ठेवला. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या तांबड्या कोंबडीने त्यात अंडे घातले. "तात्यांच्या कॉम्प्युटरात कोंबडी बसते!" म्हणत गाव बघायला लोटले. तात्यांच्या अंगावर मूठभर मांस चढले.

आता त्या गावाची एक रीत होती. खुराड्यात हात घालण्याआधी काठीने ठकठक करायचे, मगच हात घालायचा. अंड्यांच्या मागे नाग येतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. नवी सून मयुरी शहरातली. तिला अनसाबाईने पहिली शिकवली ती हीच गोष्ट.

तात्यांना मात्र हसू येई. "अगं, खुराडं आहे का हे? कॉम्प्युटर आहे! उंच टेबलावर, गुळगुळीत. साप काय शिडी लावून चढणार?"

शिडी तर त्यांनीच लावून ठेवली होती. चुलीची लाकडे फोडून त्यांनी टेबलाला टेकवून रचली होती. पण कौतुकाने फुगलेल्या माणसाला पायाखालचे दिसत नाही.

एके दिवशी मयुरीचे आईवडील लेकीला भेटायला आले. व्याह्यांसमोर ती ठकठक करायची काठी म्हणजे अगदीच गावंढळ दिसेल, म्हणून तात्यांनी ती मोडून चुलीत घातली. चहा होताच ते पाहुण्यांना पडवीत घेऊन गेले; व्याही आपली काठी टेकत मागोमाग आले. शेजारीपाजारीही जमले.

"मयुरी, काढ बेटा ताजं अंडं. दाखव तुझ्या बाबांना."

मयुरीने काठीसाठी इकडेतिकडे पाहिले. "मामंजी, सासूबाई म्हणतात की आधी..."

"अगं, घाल हात बिनधास्त! मी आहे ना."

सगळे हसले. मयुरी शरमली आणि पुढे झाली.

तेवढ्यात तात्यांची नजर वर गेली. कोंबडी आत नव्हती. ती पडवीच्या आढ्यावर चढून बसली होती. मानेची पिसे फुललेली, आणि घशातून दबकी घरघर. अंडे घातल्यावरचा तो आनंदाचा कलकलाट नव्हता. त्या आवाजाचा अर्थ तात्या लहानपणापासून जाणत होते.

पण ओठ उघडेनात. इतक्या लोकांत काय सांगायचे? की माझेच चुकले? व्याही काय म्हणतील? उद्या गाव तोंडावर हसेल. नसेलही काही आत. कोंबडी मांजराला भ्याली असेल. असे मनाला समजावत ते उभे राहिले, आणि मयुरीची बोटे अंधाऱ्या पोकळीत शिरली. बांगड्या कडेला लागून किणकिणल्या. आतले गवत हलले. मयुरीने तर अजून गवताला हातही लावला नव्हता.

"थांब, पोरी! हात काढ!" तात्या जिवाच्या आकांताने ओरडले आणि त्यांनी तिला मागे खेचले. मग व्याह्यांच्या हातातली काठी ओढून घेत त्यांनी मॉनिटरवर ठणठण मारली.

आतून फूत्कार आला. जिथे कधी शाळेची मुले धडे वाचत, तिथे फणा उभा राहिला. सगळे मागे सरले. थोड्या वेळाने नाग फणा मिटवून लाकडांवरून सरसरत उतरला आणि कुंपणापलीकडे गेला.

मयुरीची आई लेकीला कवटाळून रडू लागली. तात्या सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, "व्याहीबुवा, काठी मीच जाळली. हिची सासू रोज सांगत होती, मी हसण्यावारी नेलं. कोंबडी वर बसलेली दिसली, तरी लाजेपायी माझी जीभ उचलेना. आज तुमची लेक माझ्या मोठेपणापायी गेली असती."

व्याह्यांनी आपली काठी तात्यांच्याच हातात राहू दिली.

त्याच दिवशी तात्यांनी लाकडे हलवली. कॉम्प्युटरातली कोंबडी बघायला लोक अजूनही येतात. तात्या त्यांना आधी टेबलाला टांगलेली व्याह्यांची काठी दाखवतात, मग कोंबडी.

तात्पर्य: नवी युक्ती जरूर करावी, पण जुनी सावधगिरी मोडीत काढू नये, आणि आपली चूक दिसताच चारचौघांत ‘थांब’ म्हणायला लाजू नये, कारण लाज आपली असते आणि जीव दुसऱ्याचा जातो.