चालत्या खडावा

एका राज्यात, जिथं पाखरं आणि गुरं माणसाशी माणसासारखी बोलत आणि त्याचं कुणाला नवल वाटत नसे, सोमकांत नावाचा राजा होता. त्याचा एक काळा कुत्रा होता, भुंग्या. सोमकांत राजपुत्र होता तेव्हा त्यानं हे पिल्लू आपल्या उपरण्यात गुंडाळून आणलं होतं. दोघं एका अंथरुणावर निजत. मग सोमकांताच्या डोक्यावर मुकुट आला, आणि भुंग्या दाराबाहेर राहिला.

तसं त्याला कमी काही नव्हतं. जेवायला चांदीची थाळी, बसायला मखमली गादी, दिमतीला दोन नोकर. तरी तो राजाच्या दारापाशी बसे, दार ओरबाडी, कण्हे. एकदा परराज्याच्या वकिलाची पगडीच त्यानं फाडून ठेवली.

"याला काय कमी आहे?" राजा वैतागून म्हणाला.

अंगण झाडणारी म्हातारी चांगुणा तिथंच होती. तिनं राजाला कडेवर खेळवलेलं, म्हणून तिला बोलायची मुभा होती.

"तुम्ही कमी आहात, महाराज."

"मला राज्य आहे, चांगुणे."

"त्याला कुठं आहे?" म्हातारी म्हणाली आणि झाडू लागली.

त्याच सुमारास धूम्रक नावाचा मांत्रिक दरबारात आला. बाहेर कडक ऊन, पण याच्या वस्त्रातून पाणी ठिबकत होतं. काळ्या तळ्याच्या तळाशी त्याचा खजिना होता, आणि खजिन्याला शाप होता की राखणदार सतत जवळ हवा. दुसरा मिळेपर्यंत धूम्रकच राखणदार. तो थोडा वेळच वर येऊ शके. हे राजाला ठाऊक नव्हतं.

"महाराज, तुमच्या जुन्या खडावा द्या," धूम्रक म्हणाला. "त्या आपोआप चालतील. कुत्रा त्यांच्या मागं फिरेल, तुम्हाला त्रास नाही."

"मोबदला?"

"खडावा जिथं थांबतील तिथं जे असेल ते माझं."

राजाला हसू आलं. खडावा त्या, थांबून थांबून कुठं थांबणार? त्यानं हो म्हटलं.

खडावा चालू लागल्या. टक टक, टक टक. भुंग्यानं तो आवाज ओळखला, शेपूट हलवली आणि मागं निघाला. सज्ज्यातून माजघरात, माजघरातून बागेत. राजवाडा शांत झाला. राजा निवांत कामाला लागला.

पण खडावा काही थांबेनात. भुंग्या थाळीकडं वळे, तोच टक टक पुढं जाई आणि तो घास टाकून पळे. त्याच्या बरगड्या दिसू लागल्या. एका सकाळी चांगुणा झाडू घेऊनच राजापुढं उभी राहिली.

"खडावा वेशीबाहेर गेल्या, महाराज. कुत्राही गेला. धुळीत त्याच्या पावलांना रक्त आहे."

राजा उठला. घोडा मागवू लागला, तशी म्हातारी म्हणाली, "अनवाणी जा. पायाचा वास राहू दे. खडावांपाशी तेवढाच नाही."

राजा अनवाणी निघाला. धुळीत खडावांचे ठसे, त्यांच्यामागं चार लहान पावलं. दुपारपर्यंत माळ लागला, खडकाळ. ठसे दिसेनात. खड्यांत एक टिटवी चार अंडी घेऊन बसली होती.

"कुत्रा कुठं गेला, बाई?"

"सांगते. आधी अंड्यांपाशी बैस, मी पाणी पिऊन येते."

राजा बसला, पण डोळे वाटेवर. टिटवी अर्ध्या वाटेतून परतली तेव्हा साप अंड्यांपासून हातभर अंतरावर होता. तिनं चोच मारून त्याला हाकललं.

"डोळे दुसरीकडं ठेवून राखण होत नाही, राजा. पुन्हा बैस. मी अजून प्यायले नाही."

राजानं एकदा वाटेकडं पाहिलं. तरी तो पुन्हा बसला, या वेळी अंड्यांकडं बघत. टिटवी पिऊन आली आणि तिनं वाट दाखवली.

पुढं नदी. काठावर एक म्हैस उभी.

"पलीकडं ने, बाई."

"माझ्या कानांत गोचीड आहेत. काढ, मग नेते."

राजानं एकेक गोचीड बोटांनी काढला. म्हशीनं डोळे मिटले.

"लई दिवसांनी कुणी हात लावला," ती म्हणाली.

भुंग्याला कुठल्या कानामागं खाजवलेलं आवडतं, ते राजाला आठवेना. डाव्या की उजव्या. नदी ओलांडेपर्यंत तो तेच आठवत राहिला.

पलीकडं काळं तळं होतं. खडावा पाण्यावरून चालत होत्या, टक टक. मागं भुंग्या, छातीइतक्या पाण्यात.

"भुंग्या, इकडं ये!"

कुत्र्याचा कान हलला. पण या आवाजानं अलीकडं त्याला एकच सांगितलं होतं, बाहेर हो. त्यानं शेपूट पायांत घातली आणि तो आणखी पुढं गेला. राजा पाण्यात धावला. तो जितका धावे तितक्या खडावा भरभर चालत, आणि त्यांच्यामागं कुत्रा. पाणी भुंग्याच्या गळ्याशी आलं.

राजाचे पाय थांबले. धावलं तर कुत्रा बुडतो, हाक मारली तर पळतो. मग त्यानं ते केलं जे कुणी सांगितलं नव्हतं. मागं फिरला आणि काठच्या चिखलात खाली बसला. तळवा उघडा ठेवला, डोळे कुत्र्यावर. पाणी भुंग्याच्या हनुवटीला लागलं. तरी राजा उठला नाही.

वारा फिरला. काठावरचा वास पाण्यावर गेला. भुंग्यानं नाक वर केलं. पुढं टक टक चालू होती. मागं कुणी बसलं होतं. इतक्या दिवसांत कुणी बसलं नव्हतं.

तो वळला.

पोहत आला, चिखलातून रांगत आला आणि राजाच्या मांडीत ओलं डोकं घातलं. राजानं डाव्या कानामागं खाजवलं. कुत्र्यानं डोकं फिरवून उजवा कान पुढं केला.

मागं कुणी उरलं नाही, तशा खडावा तळ्याच्या मध्यावर थांबल्या. धूम्रक पाण्यातून वर आला. तिथं दोन लाकडांशिवाय काही नव्हतं.

"जे असेल ते तुझं," राजा म्हणाला. "बोल तुझाच."

धूम्रकानं खडावा उचलल्या आणि खाली गेला. खजिन्याची राखण अजून तोच करतो. दुसरा राखणदार त्याला मिळालाच नाही.

राजा कुत्र्याला खांद्यावर घेऊन घरी आला. त्या दिवसापासून दार उघडं राहू लागलं. दुपारी दरबार उठतो, राजा अनवाणी अंगणात बसतो, आणि चांगुणा तेवढी जागा न झाडता सोडते. परवा तोच पगडीवाला वकील घाईचं काम घेऊन आला. भुंग्या राजाच्या पावलावर हनुवटी टेकून झोपलेला.

"पाय बधिर झालाय," राजा हळूच म्हणाला. "पण तो उठेपर्यंत थांबावं लागेल. बसा."

वकिलानं पगडी काढून मांडीखाली ठेवली, आणि बसला.