चिंचेवरची खोपी

गावात वीज नवी आली तेव्हाची गोष्ट. रखमाजी सुताराने परसातल्या चिंचेवर खोपी उभारली. एक खिळा मारला नाही, नुसती काथ्याच्या दोरीने बांधली. झाड जाडावतं म्हणून दर वर्षी गाठी सैल करायचा. असली कारागिरी आता दाखवा! सगळं गाव पत्ता खोपीवरून सांगायचं.

शेजारचा विजेचा खांब खोपीवर जळायचा. “कसली गं खूण तू? वाऱ्यावर डुलतेस. मला बघ, सिमेंटात उभा!”

खोपी घाबरली. “चिंचमावशी, खिळे मारून घेऊ का?”

“गप बस. मी डुलले की तूही डुल.”

वादळ आलं. दोघी दिवसभर डुलल्या. खांब ताठ राहिला आणि मोडला.

दुरुस्तीवाल्यांनी गावात विचारलं, “पडलेला खांब कुठंय?”

“खोपीपाशी,” लोक म्हणाले.