काजूच्या तेलाची फळी

“…आणि ही फळी? ही कधी विरघळवून पाहिलीस?”

तळगावकर सरांच्या या प्रश्नाने शाल्मलीचं ऐन रंगात आलेलं बोलणं अडलं.

कॉलेजात तिला रसायनशास्त्र शिकवणारे हे सर निवृत्तीनंतर खाडीकाठी येऊन राहिले होते. त्यांनी मान डोलावल्याशिवाय इथले होड्या बांधणारे नव्या मालाला हात लावत नसत. उद्या त्या सगळ्यांची बैठक होती आणि शाल्मलीला सरांचा होकार हवा होता. तिने उमेदीची सगळी वर्षं होडीच्या नव्या मालाचा नमुना असलेल्या या एका फळीत घातली होती.

फळी होतीच तशी. तागाचं कापड, ते घट्ट बांधून ठेवणारं, काजूच्या टरफलांच्या तेलापासून केलेलं रेझिन आणि वर आरशासारखी चकाकी. होडी जुनी झाली की तिचे भाग व्हिनेगरसारख्या आंबट पाण्यात तापवायचे. रेझिन विरघळतं, ताग मोकळा होतो, दोन्ही पुन्हा कामाला येतं.

खाडीच्या काठावर फायबरच्या मोडक्या होड्यांचा खच पडला होता. त्या जाळताही येत नव्हत्या आणि कुजतही नव्हत्या. आपली होडी अशी पडून राहणार नाही, हे तिने सरांना पुन्हापुन्हा ऐकवलं होतं. नम्रपणे ऐकवलं होतं, असं मात्र म्हणवत नाही.

“तुकडे पुष्कळ विरघळवलेत, सर,” ती म्हणाली. “पण ही नाही. ही दाखवायची आहे.”

सर उठले. त्यांनी आतून मोठं पातेलं आणलं, तिच्याच कॅनमधलं आंबट पाणी त्यात ओतलं आणि शेगडी पेटवली. आता एखादा तुकडा मागतील, असं तिला वाटलं.

सरांनी अख्खी फळी आत सोडली.

काय झालं ते कळायलाही शाल्मलीला एक क्षण लागला. मग ती पातेल्याकडे झेपावली, तसं सरांनी तिचं मनगट धरलं.

“सर… ही एकच आहे.”

“विरघळते ना?”

“विरघळते.”

“मग बस.”

ती बसली. मनातल्या मनात तिने गुरूंना जे काही म्हटलं, ते इथे न लिहिलेलंच बरं. सर अधूनमधून पाणी ढवळत राहिले. चहा झाला. तिने कपाला हातही लावला नाही.

दुपार कलली तेव्हा सरांनी चिमट्याने फळी बाहेर काढली, नळाखाली धरली आणि तिच्यापुढे केली.

फळी जशीच्या तशी होती. कुठे डाग नाही, कुठे पापुद्रा सुटलेला नाही.

शाल्मलीचा जीव भांड्यात पडला. ती चक्क हसली. तिने फळी ओढून घेतली आणि ओढणीने पुसू लागली. सर नुसते पाहत होते…

पुसता पुसता तिचा हात थांबला.

फळी विरघळली नव्हती.

हे असं कसं झालं… तिने फळी उलटीपालटी करून पाहिली, कडेवर नख घासलं. मग तिला आठवलं. बैठकीत उठून दिसावी म्हणून परवा तिने फळीला वरून एक हात दिला होता. दुकानातल्या नेहमीच्या रेझिनचा, चारी कडांसकट. काठावरच्या त्या होड्या ज्याच्या होत्या, त्याच रेझिनचा. विरघळवलेल्या तुकड्यांना तो हात कधी लागलाच नव्हता.

“सर,” ती कशीबशी म्हणाली, “हा वरचा थर माझा नाही. नुसता चकाकीसाठी होता. आत्ता खरवडून काढते. आतली फळी विरघळेल.”

“विरघळेल.”

“मग उद्या त्या लोकांना सांगाल ना, सर?”

सरांनी शेगडी बंद केली. पातेल्यातलं पाणी अजून स्वच्छच होतं.

“थर निघेल गं,” ते म्हणाले. “पण फळी शाबूत निघाली तेव्हा तू हसलीस… ते कशात विरघळवशील?”