विरजणाची वाटी

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्याला घेऊन प्रवासाला निघाले. प्रवासाला ठिकाण असं नव्हतं, नियम मात्र एक होता. ज्या गावी मुक्काम पडेल त्या गावचं अन्न खायचं, तिथलं पेय प्यायचं, आणि ते लोक तसंच का करतात हे समजून घ्यायचं. शिष्य चाळिशीला आलेला, विद्वान आणि किंचित पोट सुटलेला. आजवर शिकलेल्या सर्व नियमांत त्याला हाच नियम श्रेष्ठ वाटे. तो एक चोपडी बाळगून होता. तीत नदीकाठची हुलग्याची पिठी होती, डोंगरातली नाचणीची आंबील होती, आणि एका गावचं चिंचेचं सार इतकं आंबट, की पहिल्या घोटाला पाहुण्याचा मिटलेला डोळा गाव सोडल्यावरच उघडतो, अशीही एक नोंद होती. ही नोंद शिष्याने स्वतः एक डोळा मिटून केली असल्याने तिच्याविषयी शंका घेण्याचं कारण नाही.

असे फिरत ते दह्यासाठी नावाजलेल्या एका गावी आले. तिथलं दही मडकं उपडं केलं तरी पडत नसे, हे तर झालंच. पण असं सांगतात, की एकदा एक मांजर दह्याच्या परातीवरून धावत गेलं आणि पंजाला काहीच लागलं नाही म्हणून परत येऊन हिरमुसून बसलं. हे मी पाहिलेलं नाही. मला सांगणाऱ्यानेही पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे आम्हा दोघांत या बाबतीत कधी मतभेद झाला नाही.

त्या गावची एक रीत होती. मुलगी सासरी निघाली की तिच्या हाती माहेरच्या दह्याचं बोळकं द्यायचं. सासरी तिच्या हातचं पहिलं दूध त्याच विरजणाने लागायचं. विरजण घराण्याचंच हवं, शेजारपाजारचं चालत नसे. आणि दिवेलागण झाली की त्या गावात कोणी कोणाला विरजण देत नसे.

वेशीजवळच एका भिंतीने जोडलेली दोन घरं होती. पहिल्या घरात सगुणाबाई नावाची वयस्कर विधवा एकटीच राहत होती. तिने दोघांना ताक दिलं. शिष्याने चोपडी उघडून कृती विचारली. तिने ती सांगितली आणि वर म्हणाली, "पलीकडे माझी जाऊ राहते. तिथंही ताक मिळेल तुम्हाला. पिऊ नका असं मी म्हणत नाही. भांडी विसळलेलं पाणी आमच्यात पीत नाहीत, एवढंच."

पलीकडच्या घरी लग्नाची गडबड होती. दाराशी आलेला अतिथी परत पाठवायचा नाही म्हणून धाकट्या जावेने, म्हाळसाबाईंनी, दोघांना ठेवून घेतलं. ताकाचे पेले पुढे करताना त्यांनी विचारलं, "तिकडे प्यायलात काय? मग आधी चूळ भरून या."

भानगड अशी होती, की बारा वर्षांपूर्वी घराची वाटणी झाली. शेत वाटलं, गुरं वाटली, मधे भिंत घातली. शेवटी सासूची ताक घुसळायची रवी राहिली, ती काही अर्धी करता येईना. तिच्यावरून दोघी जावांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. मधल्यामधे अडकली ती म्हाळसाबाईंची लेक आवडी. थोरलीला मूलबाळ नव्हतं, आणि आवडी सात वर्षांची होईपर्यंत तिच्याच मांडीवर जेवली होती. आता तिचं लग्न होतं. सासर तीन दिवसांच्या वाटेवर. थोरलीचं वय पाहता पुन्हा भेट होईल की नाही कोण सांगणार? तरी लग्नाची अक्षत म्हाळसाबाईंनी गुरवाच्या हाती पाठवली. थोरलीने ती देवापुढे ठेवली आणि दार लोटून घेतलं. हळद लावताना नवरी आरशाकडे कमी आणि त्या भिंतीकडेच जास्त बघत होती.

संध्याकाळी आचार्यांनी शिष्याला विचारलं, "दोन घरचं ताक प्यायलास. काय फरक?"

शिष्याने चोपडी पाहून सांगितलं, "पहिलं पातळ होतं, शेवटी थोडं कडवटही लागलं. दुसरं मधुर आणि दाट."

"असं," आचार्य म्हणाले आणि बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. घरातलं होतं नव्हतं तेवढं दही मठ्ठ्यात गेलं. म्हाळसाबाईंनी आठवणीने एक वाटीभर मागे ठेवून शिंकाळ्यात टांगलं होतं. उतरत्या दुपारी दूध तापवून, कोमट झालं की त्या दह्याने बोळकं लावायचं आणि सकाळी ते आवडीच्या हाती द्यायचं, असं ठरलं होतं. पंगती उठल्या, बायका जरा टेकल्या. शिष्य ओसरीवर सुपारी कातरत होता. त्याने आत पाहिलं, तर आचार्य शिंकाळ्यापाशी उभे.

गेली वीस वर्षं तो त्यांच्यासोबत होता. मागितल्याशिवाय पाणी न पिणारा, दिवसातून एकदाच जेवणारा हा माणूस. त्या माणसाने वाटी खाली काढली, उभ्या उभ्या दही खाल्लं, आणि एवढ्यावर न थांबता बोटाने वाटी निपटून काढली.

म्हाळसाबाई दूध घेऊन आल्या आणि जागीच थांबल्या.

"महाराज, हे काय केलंत?"

"भूक लागली होती, माई."

"अहो, पाच भाज्यांचं जेवण झालंय दुपारी. ते विरजण होतं. माझ्या लेकीचं विरजण होतं ते."

क्षणात घर गोळा झालं. कोणी म्हणालं बुवा खादाड आहे, कोणी म्हणालं बुवाच नव्हे. नवऱ्या मुलाचे एक काका गंभीरपणे म्हणाले, की लग्नघराच्या आनंदावर विरजण पडल्याचं ऐकलं होतं, खाल्ल्याचं आजच पाहिलं. शिष्याला भुई दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं झालं. आचार्य मान खाली घालून सगळं ऐकत होते.

मग आवडीच्या म्हाताऱ्या आत्याबाईंनी विचारलं, "आता या घराण्याचं विरजण गावात आणखी कुठं आहे?"

सगळ्यांनी मधल्या भिंतीकडे पाहिलं. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी जाते," आवडी उठली.

"बैस खाली. अंगावर ओली हळद घेऊन उंबरा ओलांडतात होय? विरजण घरच्या कर्त्या बाईने मागायचं असतं." आत्याबाईंनी अंगणात पाहिलं. "आणि जायचं तर आत्ताच. ऊन कौलावर चढलंय, घटकाभरात दिवे लागतील."

"मी त्या दारात पाय ठेवणार नाही," म्हाळसाबाई म्हणाल्या. "पोर बोळक्यावाचून गेली तरी चालेल मला."

आवडी नुसती आईकडे पाहत राहिली. ऊन कौलावरून सरकून आढ्यावर गेलं. म्हाळसाबाईंनी ती रिकामी वाटी उचलली, पदराखाली धरली आणि त्या निघाल्या.

दोन्ही ओसऱ्या लागूनच होत्या, त्यामुळे शिष्याला सगळं ऐकू आलं. दाराची कडी वाजली. मग दार करकरत उघडलं.

"अक्का," अखेर म्हाळसाबाई म्हणाल्या. "विरजण हवं होतं."

"तुमच्याकडचं काय झालं?"

"एका गोसाव्यानं खाल्लं."

"बरं झालं."

मग थोरलीचा आवाज आला, मघापेक्षा खालच्या पट्टीत. "आवडीचं आहे ना?"

"हो."

"दूध तापवलंस?"

"तापवलंय."

"कोमट असेल अजून?"

"आता निवलं असेल."

"मग वाटी नेऊन काय करशील? निवल्या दुधाला दही लागतं होय? बारा वर्षांत एवढं कळलं नाही तुला. थांब, मीच येते."

ती आली. पडवीतून सरळ स्वयंपाकघरात गेली, दुधात करंगळी बुडवली, चूल फुंकायला लावली, पुन्हा करंगळी बुडवली, आणि दिवे लागायच्या आत आपल्या हाताने बोळकं लावून त्यावर फडकं बांधलं. तेवढ्यात आवडी येऊन तिच्या मांडीवर डोकं टेकून पडली. हळदीचे डाग लुगड्याला लागत होते. थोरली "अगं ऊठ, अगं ऊठ" म्हणत होती आणि तिला उठू देत नव्हती.

सकाळी पाठवणी झाली. दही असं लागलं होतं, की बोळकं घेऊन आवडी बैलगाडीत चढताना एक थेंब हलला नाही. एवढं मात्र मी कोणाशीही पैज लावून सांगेन.

गाव मागे पडल्यावर शिष्याने विचारलं, "आचार्य, आपण ते का केलंत?"

"त्या दोन घरचं ताक एकच होतं," आचार्य म्हणाले. "एका सासूच्या मडक्यातलं, एकाच विरजणाचं. रोज नवं दही लावत दोघींनी ते बारा वर्षं जिवंत ठेवलं होतं. मला ते जिभेवर कळलं. तुला कळलं नाही, कारण तू ताक कानाने प्यायलास. आणि एक ध्यानात घे. दूध नुसतं ठेवून दिलं तर नासतं. त्यात दुसरीकडचं चमचाभर काही पडलं, तर त्याचं दही होतं. त्या दोन्ही घरांत सगळं भरलेलं होतं, म्हणून कोणाला कोणाच्या दारी जावं लागत नव्हतं. मी फक्त एक वाटी रिकामी केली."

शिष्याने विचारलं, "आणि थोरलीने दार उघडलंच नसतं तर?"

"तर मी एका मुलीचं माहेर खाल्लं असतं," आचार्य म्हणाले. "काल ऊन कौलावरून सरकत होतं, तेव्हा मी तोच विचार करत होतो. तेवढी भीती पत्करावी लागते."

शिष्याने आचार्यांची झोळी आपल्या खांद्यावर घेतली आणि तो त्यांच्या संथ चालीने चालू लागला.

ज्या घराशी आपलं बोलणं तुटलं आहे, त्या घरी मागायला जावं लागेल असं काहीतरी आपल्या घरातून कधीतरी मुद्दाम संपू द्यावं.