गोल दोन्ही पेठांचा

"फायनल रद्द!" सोनकड्याचे महाराज मैदानातच कडाडले आणि अख्ख्या शहराचं तोंड एवढंस्सं झालं.

रद्द होईल नाही तर काय! चिंचबन पेठ आणि नगारखाना पेठ फुटबॉलच्या फायनलला पोचल्यापासून गावाला नुसतं खूळ लागलेलं. चिंचबनचा न्हावी नगारखान्याच्या गिऱ्हाइकाला अर्धी दाढी करून हाकलत होता! त्यात आज दोन्हीकडच्यांच्या दगडफेकीत महाराजांच्या नव्या मोटारीची काच फुटली.

सगळे पाया पडले. महाराज मिशीत हसले. "बरं! दोन्ही पेठांनी मिळून एकच गोल करून दाखवा. आत्ता, इथंच! मग खुशाल खेळा."

"एक गोल दोघांचा कसा व्हायचा, सरकार?" लोक डोकं खाजवू लागले.

खरी पंचाईत झाली ती मैदान झाडणाऱ्या हौसाची. तिचा भाऊ चिंचबनचा गोल मारणारा आणि नवरा नगारखान्याचा गोल अडवणारा! फायनल झाली नाही, तर 'मीच जिंकलो असतो' म्हणत दोघं जन्मभर तिचं डोकं खाणार!

ती पदर खोचून पुढं आली. "सरकार, जरा मधी उभं ऱ्हावा." मग तिनं भावाचा हात नवऱ्याच्या हातात कोंबला. "धरा! फायनल पायजे न्हवं? तुमीबी धरा रं, एक ह्या पेठंचा, एक त्या पेठंचा!"

नाकं मुरडत का होईना, सगळ्यांनी हात धरले. महाराजांभोवती हे मोठं रिंगण झालं.

"हे काय?"

"गोल, सरकार! झिम्म्याला पोरी करत्यात तसा. दोन्ही पेठांनी मिळून केलाय!"

महाराज चपापले, पण हार मानतील तर महाराज कसले! "अगं, चेंडूशिवाय कधी गोल होतो का? चेंडू कुठाय?"

हौसानं महाराजांच्या वाटोळ्या पोटाकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "मधोमध उभा हाय की, सरकार."

बाप रे! सगळ्यांच्या नजरा त्या पोटावर गेल्या. महाराजांनीही वाकून पोट पाहिलं, आणि असे हसले की फेटा घसरला!

"खेळा रे, फायनल खेळा! आणि ही हौसा माझ्या शेजारी बसून बघणार. पण काय गं, तू ओरडणार कुणाकडून? भावाकडून की नवऱ्याकडून?"

दोघांनी कान टवकारले.

"त्यात काय, सरकार? गोल झाला की म्हायेरची, अडला की सासरची!"

महाराजांना हसू आवरेना. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी हौसाला दिलं. "घे! हा माझ्याकडून एक गोल!"