शेरकाका

झाडं एकमेकांची कुळं काढत बसायची त्या काळची ही गोष्ट. एका अंगणात कुंडीत पॉइन्सेटिया राहायची. तिच्या डोक्यावर लालभडक पानांचा, फुलासारखा दिसणारा तुरा होता. समोर शेराचं कुंपण होतं, नुसत्या हिरव्या काड्यांचं. दोघं एकाच कुळातली, दोघांच्या अंगात तोंड पोळणारा पांढरा चीक.

"पोरी, यंदा पानं छान लाल झाली," शेर एकदा आपुलकीने म्हणाला.

"फुलं म्हणतात त्यांना," पॉइन्सेटिया म्हणाली. "आणि पोरी कुणाला म्हणता? असल्या खराट्याशी आमचं नातं नाही."

दुसऱ्या दिवशी फाटक उघडं राहिलं आणि चंद्री शेळी आत शिरली. शेराला तिने लांबूनच नमस्कार केला, कारण मागे एकदा तिचं तोंड आठवडाभर पोळलं होतं. मग ती कुंडीपाशी आली.

"थांब, माझ्यातही तोच चीक आहे," पॉइन्सेटिया घाबरून म्हणाली.

"काल तर नातं नाही म्हणालीस. मी फाटकाबाहेरच होते." चंद्रीने मान वळवली. "काय हो शेरकाका, ही तुमच्यातली का?"

"आम्ही पडलो खराटे," शेर म्हणाला. "तिलाच विचार."

चंद्रीने तोंड उघडलं.

"काका आहेत ते माझे, सख्खे काका," पॉइन्सेटिया घाईघाईने म्हणाली.

"आणि डोक्यावर काय आहे, पोरी?" शेराने विचारलं.

तिने शेळीच्या दातांकडे पाहिलं. "पानं. पानंच आहेत, काका."

"आमचीच आहे ती, चंद्रे," शेर म्हणाला.

चंद्री सुस्कारा टाकून जास्वंदीकडे वळली. जास्वंदीला काका नव्हते.